आक्कांची एकनळी

"कारन काय?"

हे विचारताना आक्का उजवा हात टेबलावर उताणा ठेवायच्या. मागायला पसरतात तसा नाही. दुकानदाराकडून उरलेली मोड घ्यायला ठेवतात तसा. समोर कोण आहे, याने फरक पडत नसे. तलाठी, बँकेतली मुलगी, एसटीचा कंडक्टर, मी. उत्तर हातात पडेपर्यंत तो हात तिथून हलायचा नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यामुळे रांग थांबते. मागचे चुळबुळ करतात, घड्याळ बघतात, आणि त्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मी वकील आहे, साताऱ्यात. निम्मं आयुष्य कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे गेलंय. मी चुळबुळ करणाऱ्यांतली, आक्का रांग थांबवणाऱ्यांतल्या. तरी आमचं जमलं.

नाव लिहीत नाही. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणत आले. गाव कृष्णाकाठचं, सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या बाजूचं. चहूकडे ऊस. माहेर शिराळ्याचं, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांचं भांडण सुरू होत नसे. "मी नागाच्या गावची हाय. मला मानसांचं भ्या दावू नका."

माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या नवऱ्याच्या बंदुकीसाठी. नवरा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्याच्या नावावर बारा बोरची एकनळी होती. तो गेला आणि परवाना आपल्या नावावर करायचा म्हणून आक्का अर्ज घेऊन फिरत होत्या. मी सोबत गेले. कारकुनाने अर्जावरून डोळे न उचलता विचारलं, "आजी, बाई माणसाला बंदूक कशाला?"

हात टेबलावर आला. "बापय मानसास्नी इचारता का, कशाला म्हनून?"

"विचारतो की."

"मग ते काय सांगत्यात?"

"पीक राखायला. जिवाला धोका म्हणून."

"तेच माजं लिवा. पीक बी तेच हाय, जीव बी तसलाच हाय."

त्याने लिहिलं. परवाना मिळायला बरेच महिने गेले, पण मिळाला.

आक्का राहायच्या शेतातल्या वस्तीवर, एकट्या. मुलगा एकच, तोही फौजेत, सून-नातवंडं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. तो दर फोनला म्हणायचा, इकडे ये. या म्हणायच्या, ऊस कोन बगतंय, तुजा कर्नल? वस्तीला डुकरं होती, मोटारींच्या केबली कापून नेणारे होते, आणि अलीकडे उसात बिबट्या फिरायचा. मी त्यांना बजावलं होतं, बिबट्यावर बंदूक झाडायची नाही, आत जाल.

"त्येला कशाला झाडू? त्यो काय माजा बांध कोरतोय व्हय?"

बांध कोरणारा म्हणजे चुलत दीर. त्याचं रान शेजारी, आणि दर नांगरटीला आक्कांच्या बांधाचा एकेक घास जायचा, असं आक्कांचं म्हणणं. त्याच्याशी त्या बोलत नसत. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दोघंही होते. ग्रुप सोडणं म्हणजे भावकी सोडणं. रोज सकाळी तो फुलांची चित्रं टाकायचा, आणि आक्का त्यावर उलटा अंगठा टाकायच्या.

बंदूक त्यांनी कुणावर रोखल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण निगा अशी, की आपण घरातल्या मिक्सरची ठेवत नाही. रविवारी सकाळी अंगणात बाज टाकायची, गज, चिंधी, तेल. फौजेची सवय, नवऱ्याने लावलेली. त्याचा एक नियम होता. ही बंदूक मधोमध बिजागरीसारखी मोडते आणि काडतूस घालायची जागा उघडी पडते. बंदूक आडवी ठेवली की अशी मोडून, उघडीच ठेवायची. कुणालाही लांबून दिसलं पाहिजे की आत काही नाही. "हत्यार निजलं की उगडं पायजे," आक्का म्हणायच्या, "सुभेदारांचा हुकूम."

खंडेनवमीला पाटावर विळे, खुरपी, कोयता आणि मधे ती उघडी बंदूक. हळदकुंकू, झेंडूचं फूल. स्मार्टफोन आल्यापासून त्याचा फोटो दरवर्षी मुलाला जायचा. नंतर मलाही येऊ लागला. मी नमस्काराचे हात पाठवायचे.

आता निवडणुकीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून आहे.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत न्यायची. आमच्या भागात वर्षानुवर्षं हे सरसकट चालायचं. सगळ्यांची जमा, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. आक्कांना तर ती सहलच होती. बंदूक वाकळेत गुंडाळायची, मांडीवर आडवी धरून एसटीत बसायचं. कंडक्टरने विचारलं, आक्का, काय हाय, तर म्हणायच्या, "सुभेदार हायत. तिकीट मागू नगंस." ठाण्याच्या पडवीत इतर परवानेवाले जमलेले असायचे. माजी सैनिक, दोन-तीन बागाईतदार, एक पेढीवाला. चहा व्हायचा. पन्नास मिशांत एक पदर.

एका वर्षी खंडेनवमी नेमकी जमा असताना आली. आक्का हळदकुंकवाची कुयरी घेऊन ठाण्यात हजर. हवालदाराने खोली उघडली. भिंतीला चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुका ओळीने उभ्या. आक्कांनी आपली शोधून कुंकू लावलं आणि निघाल्या. हवालदार म्हणाला, "आक्का, एकटीलाच लावलं व्हय? बाकीच्या काय सवती हायत का?" आक्का परत फिरल्या आणि ओळीने सगळ्यांना लावत गेल्या. निकालानंतर त्या पेढीवाल्याला आपल्या बंदुकीवरचं कुंकू बघून घाम फुटला होता, असं हवालदार अजून सांगतो.

तर असं चाललं होतं. मग ठाण्यात नवे साहेब आले आणि सरसकट जमा बंद झाली. ते नियमाप्रमाणेच होतं. उच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलं होतं की निवडणूक आली म्हणून सगळ्यांच्याच बंदुका उचलायच्या नाहीत; प्रत्येकाचं प्रकरण वेगळं बघायचं, ज्याच्याकडून धोका वाटतो त्याचीच घ्यायची. निकाल मोठ्या शहरात होतो आणि तालुक्यापर्यंत पायी येतो, त्याला इलाज नाही. मी उत्साहाने आक्कांना फोन केला.

"मंजे आता माजी न्यायची न्हाई?"

"तुमच्यावर कसला गुन्हा आहे का? नाही. मग नाही."

"मंजे बंदूक माजा हक्क हाय."

इथे मला थांबावं लागलं. मी सांगितलं, की नाही. आपल्या घटनेत बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे, न्यायालयं हेच सांगत आलीत. पण दिलेली परवानगी सरकारला मनाला येईल तशी काढता येत नाही. सगळ्यांना सारखं वागवायचं हे चौदावं कलम, आणि जिवाचा, सन्मानाने जगण्याचा हक्क हे एकविसावं. ते तिथे आड येतं.

त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "परवानगीच हाय व्हय? आनि मी येवडी वर्सं रुबाबात फिरती."

"फिरा की. रुबाबाला परवाना लागत नाही."

"शेजारचा पोरगा म्हनतुया, अमेरिकेत घटनेतच लिवलंय, बंदूक हक्काची हाय म्हनून. तितं मग कोन काय इचारतच नसंल?"

"विचारतात. भांडतात. कोर्टात जातात."

"मंजे आपल्यावानीच," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतरची एक निवडणूक सुरळीत गेली. बंदूक घरी राहिली. आक्कांना जरा चुकल्यासारखं झालं, पडवीतला चहा हुकला.

मग जिल्हा परिषदेची लागली, आणि आक्कांना नोटीस आली. सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटत असल्याने शस्त्र जमा करावे. एवढंच. त्या नेहमीप्रमाणे वाकळेत गुंडाळून घेऊन गेल्या. पडवीत जुन्यांपैकी कुणी नव्हतं. दोघंच होते. एक मारामारीत जामिनावर सुटलेला, दुसऱ्याचं नाव मागच्या दंगलीत. त्यातल्या जामिनवाल्याने सरकून जागा दिली, चहा मागवला आणि आपुलकीने विचारलं, "आक्का, तुमी कशात?"

त्या तिथून थेट साताऱ्याला माझ्या ऑफिसात आल्या. चहा घेतला नाही. खुर्चीवर बसल्या नाहीत. खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या.

"सगळ्यांची घेत हुते तवा कुनाची अब्रू गेली न्हाई. आता निवडून घेत्यात. मंजे माज्यात कायतरी हाय. काय हाय ते सांगा."

आता तुम्ही बघा कसं असतं. ज्या निकालाने आक्कांसारख्यांची सरसकट कटकट संपवली, त्यानेच उरलेल्यांच्या कपाळावर शिक्का मारला. गर्दीत उभं राहिलं की कोण कशासाठी उभा आहे, विचारत नाहीत. तिघांत उभं राहिलं की विचारतात. म्हणूनच कारण द्यायचं असतं. आणि नोटिशीत तेच नव्हतं.

मी ठाण्याला पत्र दिलं. उत्तर नाही. साहेबांना भेटले. सभ्य माणूस होता, पण नजर देईना. "मॅडम, निवडणूक होऊ द्या, लगेच परत देतो. विषय संपेल."

निवडणूक झाली. परत न्या म्हणून निरोप आला. मी फाईल मिटायला घेतली, आणि आक्का म्हणाल्या, "न्हाई नेत."

"काय?"

"कारन दिल्याबिगर न्यायची न्हाई. ऱ्हाऊ द्या तितंच."

मी त्यांना व्यवहार सांगितला. वस्तीवर एकट्या आहात, केबली चोरीला जातायत, हत्यार घरात असलेलं बरं. वस्तू मिळाली की दावा संपला, असं आमच्या धंद्यात मानतात. आक्का ऐकत होत्या, टेबलावर हात उताणा. "आज गप नेली, तर फुडच्या येळंला परत त्या दोगांच्या मधी बसवतील. गावाला काय सांगू? मला म्हाईत हाय, कुनाचं काम हाय ते."

चुलत दीर. त्यांच्या मनाने ते ठरवूनच टाकलं होतं. आक्कांच्या रानातून त्याचा वाटेचा हक्क होता, तोडणीचा हंगाम होता, गाड्या तिथूनच निघायच्या. आक्कांनी वाटेवर बाभळीचे फेस, तोडलेल्या काटेरी फांद्या, आणून टाकले. त्याने ते काढायला माणसं लावली नाहीत, ठाण्यातही गेला नाही. बांधावर उभा राहून नुसता बघत राहिला. मला ते आवडलं नाही. खोटी तक्रार करणारा माणूस दुसरीही करतो. हा गप्प का?

हे मी आक्कांना बोलले. त्यांनी फेस हलवले नाहीत. त्या दिवसांत त्यांचा फोन कधीही यायचा. काय झालं, काय झालं. मी चिडायचे. खरं तर मलाही ते कारण हवं झालं होतं. दुसऱ्या कुणाच्या वाटणीच्या दाव्यात उलटतपासणी घेताना मधेच डोक्यात यायचं, काय लिहिलं असेल आत?

शेवटी उच्च न्यायालयात अर्ज केला. कोल्हापूरला बेंच झालं म्हणून. एका एकनळीसाठी मी मुंबई गाठली नसती. प्रार्थना साधी. विनाकारण काढलेला आदेश रद्द करा.

तारखेला आक्का नवी नऊवारी नेसून आल्या. मागच्या बाकावर ताठ, पाठ न टेकता बसल्या. आमचं प्रकरण पुकारलं. न्यायमूर्तींनी कागद चाळले आणि सरकारी वकिलांना इंग्रजीत विचारलं, की आदेशामागे कारण काय. इंग्रजी होतं, तरी आक्कांना कळलं. मी वळून पाहिलं तर त्या मान डोलावत होत्या, आपलंच कुणीतरी बोलल्यासारख्या.

सरकारी वकिलांनी जेवणाच्या सुट्टीनंतर सांगतो, म्हणून वेळ घेतली.

व्हरांड्यात ठाण्याचे साहेब उभे होते, कागद घेऊन आलेले. मला बाजूला घेऊ लागले. आक्का मागोमाग आल्याच.

"मॅडम, आता उत्तरात लिहावं लागणार. त्याआधी आक्कांच्या कानावर घालतो. आक्का, तुमच्या भावकीतल्या कुणी तक्रार केलेली नाही."

"मग?" टेबल नव्हतं. त्यांनी हात कठड्यावर ठेवला.

"तुमच्या मुलानं फोन केला होता."

हात तसाच राहिला.

"खंडेनवमीचा फोटो पाठवला होता ना तुम्ही. त्यात बंदूक मिटलेली होती. ते म्हणाले, आई बंदूक मिटून ठेवत नाही, कधीच नाही. एक तर तिला आता दिसत नाही, नाहीतर घाबरून भरून ठेवतीय. निवडणुकीच्या निमित्तानं जमा करून घ्या. मी सांगितलं हे कळू देऊ नका, जन्मभर बोलायची नाही. मी शब्द दिला. म्हणून कारण लिहिलं नाही."

मी फोन काढला. तो फोटो मलाही आला होता. पाट, विळे, झेंडू, आणि मधे सरळ, मिटलेली बंदूक. खाली माझे नमस्काराचे हात.

आक्का म्हणाल्या, "ऱ्हायली आसंल यकांद्या येळंला मिटल्याली. म्हनून काय भरल्याली हुती व्हय?"

साहेब खाली बघत म्हणाले, "तुम्ही जमा करून गेल्यावर हवालदारानं उघडली, आक्का. आत काडतूस होतं."

व्हरांड्यात माणसांची ये-जा चालू होती. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. आक्कांनी हात कठड्यावरून उचलला आणि पदरात घेतला.

"एस्टीत माज्या मांडीवर हुती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "शेजारी लेकुरवाळी बसली हुती."

मी व्यवहाराचं बोलले, मला तेच येतं. "आक्का, अर्ज मागे घेऊ. आत्ता घेतला तर उत्तर दाखलच होणार नाही. तुमची चूक कागदावर येणार नाही, पोराचं नावही येणार नाही. बंदूक तसंही ते परत देतायत."

"चूक झाल्याली हाय न्हवं?"

"हो."

"मग येऊ द्या कागदावर. पन मला आदी सांगाय पायजे हुतं का न्हाई, येवडं कोर्टाला इचारा. मी चार म्हैनं त्या मानसाच्या वाटंवर काटं घालून बसलीया."

विचारलं. न्यायमूर्तींनी जे सांगितलं त्याचं माझ्या शब्दांत सार असं, की बंदूक ठेवणं ही परवानगी आहे, हक्क नाही. ती थांबवायला हे कारण पुरेसंही असेल. पण ज्याची थांबवता त्याला ते सांगायला हवं आणि त्याचं ऐकायला हवं. काळजीपोटी का होईना, माणसाला अंधारात ठेवून त्याच्याबद्दल ठरवायचं नाही. आदेश रद्द. बंदूक परत द्या. हवं तर नवी नोटीस काढा, कारण लिहून.

आम्ही जिंकलो. जिंकल्यावर माणूस निदान पाणी पितो. आक्का सरळ स्टँडकडे चालू लागल्या.

एसटीत कराडपर्यंत खिडकीतून बघत होत्या, मधेच मांडीवरचा हात उचलून परत ठेवत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाला बी आला हुता न्हवं फोटू?"

"आला होता."

"तुमाला न्हाई दिसलं?"

"नाही."

"त्येला दिसलं. तकडं हिमालयात बसून."

मी त्यांना वस्तीपर्यंत सोडलं. ऊन उतरलं होतं. घरात न जाता त्या वाटेवर गेल्या आणि फेस ओढायला लागल्या, नव्या नऊवारीत. मीही एक धरला, बाभळीचा काटा काय असतो ते कळलं. चुलत दीर बांधावर आला. जवळ येईना, लांबूनच म्हणाला, "वैनी, आता का काढताय? कारन काय?"

"ऊस वाळाय लागला तुमचा, भावजी."

"त्यो कवाच वाळाय लागलाय."

"मग गाडी लावा उद्या. बोलत काय बसलाय."

त्याने खाली वाकून फेसाचं दुसरं टोक धरलं. बांधाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या आठवड्यात निघाला.

मुलाशी त्या बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा मला सांगितलं, "फोन केला त्येला. लय शिव्या दिल्या. मग जेवलास का म्हनून इचारलं."

बंदूक घरी आली होती. मला वाटलं, संपलं. आणि एका सोमवारी आक्का ऑफिसात आल्या, बगलेत वाकळ.

"द्यायची हाय. कायमची."

मी वैतागले. "आक्का, आत्ता तर भांडून आणली."

"आनली म्हनून तर देता येती. तवा दिली असती तर ती मी दिल्याली नव्हं, त्येंनी नेल्याली." मग जरा खाली आवाजात, "मी रोज निजताना चाचपून बगती. परवा चाचपली, उगडी लागली हाताला. सकाळी बगितली तर मिटल्याली."

आक्का आता नाहीत. मुलाकडे गेल्या होत्या थंडी संपल्यावर, फक्त नातवाच्या परीक्षेपुरतं म्हणून, तिथेच गेल्या, झोपेत. मुलाचा फोन आला तेव्हा तो कारण सांगू लागला, डॉक्टर काय म्हणाले वगैरे. मी पुरतं ऐकलं नाही. वस्तीवरचं रान आता चुलत दीर बघतो. मधल्या बांधाला त्याने हात लावलेला नाही, मी जाऊन बघून आले.

त्या सोमवारचं राहिलं.

आम्ही ठाण्यात गेलो. पडवीत कुणी नव्हतं. आत टेबलाशी एक तरुण कारकून होता, त्याने लिहायला घेतलं. परवानाधारकाने स्वखुशीने शस्त्र जमा केले. पूर्णविराम देऊन त्याने कागद सहीला फिरवला.

"कारन?" आक्का म्हणाल्या.

"स्वखुशीनं देताय ना आजी, मग कारण लागत नाही."

"लागतंय. लिवा, मी सांगती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग नव्हती, पण मला सवयीने वळून बघावंसं वाटलं. मी म्हटलं, लिहा.

"लिवा. हाताचा आनि डोळ्याचा भरोसा ऱ्हायला न्हाई. पोराचं नाव घालू नगासा, हे माजं मला कळल्यालं हाय."

त्याने लिहिलं. त्यांनी ते वाचून घेतलं, माझ्याकडून आणखी एकदा वाचून घेतलं, आणि सही केली.

मग वाकळ सोडली. बंदूक टेबलावर आडवी ठेवली, मोडली, आणि काडतुसाच्या जागेत करंगळी घालून फिरवली. हवालदार आतून आला होता. आक्का म्हणाल्या, "बग रं, तू बी बग."

त्याने ती उचलून डोळ्याला लावली. मग मला दिली. तेलाचा वास येत होता. नळीतून पलीकडची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत रस्त्यावरची एसटी, माणसं चढत असलेली.

"मोकळी आहे, आक्का," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि वाकळेची घडी घालायला घेतली.